टोरी थांबायला शिकते

नागपूर
६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. अलका हिला,

देवाजीचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. मी इथे अंजनाच्या घरी सुखरूप आहे. तुम्ही दोघेही तिकडे बरे असाल असे धरून चालतो.

सासऱ्याचे पत्र पाहून तुला नवल वाटेल. आवाज बसला म्हणून दाखवायला आलो, तर डॉक्टरांनी बोलणेच बंद करून टाकले. गळ्यातला बारीक तुकडा तपासायला पाठवला आहे. तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. फोनवर मी काय करू, नुसता श्वास ऐकवू? माझ्या साध्या फोनवर मराठी लिहिता येत नाही, आणि आपल्या जंगलातल्या टॉवरचा भरवसा नाही. अंजना म्हणाली, दादा, सातवीपर्यंत शाळेत गेला होतास ना, मग लिही. म्हणून तिच्याकडून कागद मागून घेतला.

एका अर्थी बरेच झाले. लग्न होऊन आल्यापासून तू माझ्याशी दाराआडून दोनच गोष्टी बोललीस, जेवण वाढलं आणि चहा ठेवला. आता उत्तर लिहावे लागेल, आणि कागदाला काही दार नसते.

काम आपल्या घोडीचे, टोरीचे आहे. लोकेश सकाळच्या गाडीने गोंदियाला राइस मिलवर जातो तो अंधार पडल्यावर येतो, म्हणजे ती दिवसभर तुझ्याच गळ्यात. तिला गवत दे, सकाळी भिजवलेले चणे दे. धानाची तणस जास्त देऊ नको, पोट फुगते. तिची आई व्याल्यावर गेली तेव्हा मीच बाटलीने दूध पाजून तिला जगवले. वरातीला चालणाऱ्या घोड्यांतले आपल्या घरचे हे शेवटचे जनावर आहे. तिच्यावर कोणाला हात उचलू देऊ नको.

पत्राची वाट पाहतो. घरातला लोभ वाढता असू दे.

तुझा सासरा,
देवाजी


मोहटोला, ता. सालेकसा
१५ ऑक्टोबर २०२४

आदरणीय मामाजी यांना,

सविनय जयभीम, वि. वि. तुमचं पत्र पोस्टमननं धानाच्या बांधावरच आणून दिलं. हात चिखलाचे होते, पदराला पुसून तिथंच वाचलं.

रिपोर्ट आला की काय निघालं ते लगेच कळवा. आत्याबाईंना म्हणावं, मामाजींना तिखट देऊ नका, ते मागतील तरी.

आता खरं लिहू का? तुमची टोरी मला या घरात टिकू देत नाही असं दिसतं. मोहाच्या बीसारखी चकचकीत आहे म्हणून तुम्ही हौसेनं नाव ठेवलं, पण वळण काहीच लावलं नाही. तुम्ही हो हो करून हाक मारली की ती पळत येते आणि तुमच्या छातीवर डोकं आपटते, आणि तुम्ही हसत उभे. तुम्ही धिप्पाड माणूस. तेच ती माझ्याशी करते तेव्हा मी जाते भिंतीला. परवा चण्याचं घमेलं घेऊन गेले, तिनं मला कोपऱ्यात दाबलं आणि माझ्या हातातच सगळं खाऊन टाकलं. काल तळ्यावर नेताना बगळा उडाला तर ती उधळली. दोर माझ्या मनगटाला गुंडाळलेला होता, मी बांधावरून खाली. उठवायला आलेल्या शामकला काकू म्हणाल्या, काऊन वं अलका, तू घोडी फिरवून राहिली का घोडी तुले फिरवून राहिली. सगळ्या बाया हसल्या. पायावर पाय दिला ते वेगळंच, अंगठ्याचं नख काळंनिळं आहे.

ते पाहून ह्यांनी काठी उचलली. मी धरली. मारलेलं घोडं वरातीत लेकरांच्या अंगावर जातं असं तुम्ही एकदा अंगणात कोणाला सांगत होता. ते मी दाराआडूनच ऐकलं होतं, म्हणून दाराला नावं ठेवू नका.

मला तिची भीती वाटते आणि ते तिला कळलं आहे. काय करू ते सांगा.

तुमची माया आहे तशीच राहो.

तुमची सून,
अलका


नागपूर
२४ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. अलका हिला,

अनेक आशीर्वाद, जयभीम. तुझे पत्र अंजनाने मोठ्याने वाचले. शामकलाचे बोलणे वाचताना ती इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. मी हसलो नाही, मला मनाई आहे.

पहिली गोष्ट, दोर मनगटाला कधीही गुंडाळायचा नाही. घडी करून मुठीत धर. सुटला तर सुटू दे, घोडी कुठे जात नाही.

तू म्हणतेस ते बरोबर आहे, वळण लागले नाही. शिंगराला वळण त्याची आई लावते. ते अंगावर आले की ती कान मागे टाकते, तरी ऐकले नाही तर बारीक चावा घेते. टोरीला आई नव्हती आणि मी फक्त बाटली धरली. आता तू असे समज की तुझ्याभोवती हात फिरेल तेवढी जागा तुझी आहे. तिने तिथे आपल्या मनाने शिरायचे नाही.

शिरलीच तर तिच्या छातीच्या मधोमध दोन बोटे टेकव आणि हट म्हण. ढकलू नको, ती तुझ्याहून भारी आहे. बोटे तशीच ठेवून वाट पाहा. कंटाळून एक पाय मागे टाकेल. टाकला की त्याच क्षणी बोटे काढ. तिला तेवढेच बक्षीस. मागे सरल्याशिवाय घमेले खाली ठेवायचे नाही. चालताना दोर ओढायचा नाही, नुसता ताणून धरायचा, ती तुझ्याकडे एक पाऊल आली की लगेच सैल सोडायचा. थांबवताना थांब म्हणून आधी तू थांब. रोज थोडेच कर, आणि ती नीट वागली की तिथेच सोड. हातावर गूळ देणे बंद. मी पाहायला नाही म्हणून चोरून दिलास तर टोरीच्या वागण्यावरून मला पत्रातही कळेल.

भीती वाटते ते ठीक आहे. भीती वाटणारा माणूस हळू चालतो, जनावराला ते बरे पडते.

रिपोर्ट आला आहे. लोकेश रविवारी येऊन डॉक्टरांना भेटणार आहे. तो सांगेल ते ऐक आणि आपले काम करत राहा.

पायाच्या नखाला हळद लाव. आठवण ठेवतेस तशी ठेव.

देवाजी


मोहटोला
१२ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मामाजी यांना,

सविनय जयभीम, वि. वि. धान कापून झालं, खळ्यावर चुरणं चालू आहे. अंगावर कुसळं इतकी की झोप येत नाही.

टोरी मागे सरते. आधी बोटं टेकवून माझाच हात दुखायला लागला, ती नुसती माझ्याकडे पाहत उभी. मग एकदाची सरली आणि मी बोटं काढायलाच विसरले. बिचारीला वाटलं असेल, ही बाई स्वतः तरी काय ते ठरवते का. आता हट म्हटलं की घमेल्यापासून मागे होते, थांब म्हटलं की थांबते, बहुतेक वेळा. पुढचा पाय उचलू देते. मागचा देत नाही, मीही मागत नाही. गूळ एकदा दिला. तुम्हाला कळणारच होतं म्हणून लिहिते.

हे नागपूरहून आल्यापासून नीट जेवले नाहीत. मला त्यांनी सांगितलं आहे. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. तुम्ही लिहाल तेव्हा लिहीन.

आमच्या डोक्यावरचा तुमचा हात असाच राहू द्या.

अलका


नागपूर
२६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अलका हिला,

अनेक आशीर्वाद, जयभीम. तू विचारले नाहीस म्हणून मीच लिहितो.

परवा ऑपरेशन आहे. गळ्यातली आवाजाची पेटी काढून टाकणार आहेत, गाठ तिच्यातच आहे. त्यानंतर मी नाकाने श्वास घेणार नाही. गळ्याला खाली एक भोक राहील, त्यातून श्वास. बोलणे संपले. ऑपरेशननंतर मशीनचे शेक द्यायचे आहेत, म्हणजे दोन-तीन महिने तरी इथेच. डॉक्टर माणूस चांगला आहे. लपवून काही ठेवले नाही. जीव वाचेल म्हणतो.

त्याने माझा धंदा विचारला. मी घोडे असे लिहून दाखवले. मग म्हणाला, धूळ चालणार नाही आणि गळ्याला धक्का अजिबात चालणार नाही. छातीवर आपटताना टोरीचे डोके बरोबर माझ्या गळ्याला लागते ते मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. शिवाय जी घोडी माझ्या हाकेवर वाढली, तिला मी हाक कशी मारू?

आमगावच्या सुखरामने तिला मागच्या वर्षीच मागितली होती. तो आपल्या घोड्यांना नीट ठेवतो. लोकेशला सांगून त्याला निरोप दे. तू तिला मागे सरायला शिकवलेस ते वाया जाणार नाही, सुखरामला चांगले जनावर मिळेल.

अंजना म्हणते, उद्या संध्याकाळी घरी फोन लावून देते, दोन शब्द बोल. पाहू, काय बोलायचे ते ठरलेले नाही.

सगळ्यांनी एकमेकांना धरून राहा.

देवाजी


मोहटोला
१५ डिसेंबर २०२४

आदरणीय मामाजी यांना,

सविनय जयभीम, वि. वि. ऑपरेशन चांगलं झालं, नळी निघाली, तुम्ही खिडकीपर्यंत चालत गेलात, हे सगळं आत्याबाईंनी कळवलं. इथं आम्ही विहारात जाऊन मेणबत्ती लावून आलो.

त्या दिवशी तुमचा फोन आला तेव्हा मी मोबाईल घेऊन तळ्याच्या पाळीवर पळाले, तिथंच रेंज येते. तुमचा आवाज इतका बारीक झाला होता. तुम्ही म्हणालात, आभाळ आलं आहे का, तणशीच्या ढिगावर ताडपत्री टाका. मी हो म्हटलं आणि फोन तुटला. हे त्या दिवशी मिलवरून लवकर आले होते, माझ्या बाजूलाच होते. त्यांनी विचारलं बाबा काय म्हणाले, मी सांगितलं, ताडपत्री टाका म्हणाले. ते लगेच गेले आणि आभाळ निरभ्र असताना ढिगावर ताडपत्री बांधत राहिले, पार अंधार होईपर्यंत. मी कंदील धरून उभी होते.

आता टोरीचं. सुखरामभाऊ येऊन गेले. मी सांगितलं, मालक घरी नाहीत, मालक आल्याशिवाय जनावर दाखवता येत नाही. ते समजूतदार आहेत, चहा घेऊन गेले. तुमचा शब्द मोडला म्हणून रागवा, पण पुढचं वाचून मग रागवा.

त्या फोननंतर मी अंगणात टोरीजवळ तोंडानं एक शब्द काढत नाही. हट नाही, थांब नाही, हाक नाही. जे काही सांगायचं ते हातानं. तळहात उभा धरला की थांब. दोन बोटं पुढे केली की मागे सर. खांदा वळवला की सोबत चल. पहिले काही दिवस ती बावचळली. मी शिकवलेले शब्द मीच काढून घेतले, तर तिनं काय करावं? सारखी माझ्या तोंडाकडे पाहायची. एकदा तर कंटाळून माझा पदरच दातांत धरून ओढला. पण आता ती तोंडाकडे पाहायचं सोडून हाताकडे पाहते. शामकला काकू म्हणाल्या, कायले अशी मुकी होऊन राहिली वं, घोडीशी भांडण झालं का. मी त्यांनाही हातानंच सांगितलं की घरी जा.

ह्यांचं आणि माझं यावरून वाजलं. ते म्हणाले, तुले घोडी शिकवायचा नाद लागला, मले एकच बाप आहे. त्यांचंही खोटं नाही. आमचं ठरलं असं की तुम्ही येण्याआधी ते स्वतः तिला हाताळून पाहतील, आणि त्यांना पटलं नाही तर मी सुखरामभाऊंना स्वतः बोलावीन.

तुम्ही आमच्यावर जीव लावता तसाच लावत राहा.

अलका


नागपूर
१९ जानेवारी २०२५

चि. सौ. अलका हिला,

आशीर्वाद, जयभीम. शेक चालू आहेत. गळा भाजल्यासारखा होतो, पेज गिळायला वेळ लागतो.

तुझे डिसेंबरचे पत्र उशाशी आहे. उत्तर द्यायला उशीर झाला, लिहावेसे वाटत नव्हते. गळ्याला लावायचे एक यंत्र दवाखान्यातल्या बाईंनी दाखवले. त्यातून आवाज येतो, पण डब्यात माशी अडकल्यासारखा. मी परत दिले. खोकला आला की भोकातून शिट्टी वाजते. गल्लीतली पोरे आधी पाहत राहतात, मग पळतात. त्यांचा दोष नाही.

अंजना म्हणते इथेच राहा. मलाही तसेच वाटू लागले आहे. मोहटोल्यात सगळे मला आवाजाने ओळखत होते. वरातीत माझी हाक बँडच्या वर ऐकू जायची. तिथे येऊन मी नुसता खाटेवर बसून काय करू? घोडी देऊन टाका. तुम्ही दोघे सुखाने राहा, सणाला इकडे येत जा.

जास्त लिहवत नाही.

देवाजी


मोहटोला
४ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामाजी यांना,

सविनय जयभीम, वि. वि. तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं नाही. मी एकटीनंच वाचलं आणि एकटीच उत्तर लिहीत आहे. माझ्या लिहिण्यात काही कमीजास्त झालं तर लहान समजून सांभाळून घ्या.

मागच्या रविवारी ह्यांनी टोरीला दिवसभर हाताळलं. गळ्याला तुमच्यासारखा पंचा बांधला, तोंड बंद ठेवलं. पाणी, खरारा, खुरं, सगळं केलं. चारही पाय उचलून दिले तिनं. दुपारी रस्त्यानं एक वरात आली. डीजेची गाडी आपल्या फाटकासमोरच थांबली आणि त्यांनी एकदम आवाज वाढवला. टोरी घाबरली. लपवत नाही, चांगलीच घाबरली, जागच्या जागी उडाली आणि थरथर कापत होती. पण मामाजी, ती उडाली ते ह्यांच्यापासून लांब. दोराच्या टोकाला जाऊन उभी राहिली. ह्यांच्या अंगावर आली नाही. ह्यांनी तळहात उभा धरला होता, ती घाबरलेली असूनही त्या हाताकडे पाहत होती. वरात पुढे गेल्यावर हे बराच वेळ ओट्यावर बसले, मग म्हणाले, सुखरामभाऊले नाही म्हणून सांग.

उद्या ती कधीच चुकणार नाही असं मी म्हणणार नाही. ती जनावर आहे आणि लहान आहे. धूळ उडते म्हणून खरारा मी लांब नेऊन करीन. तुम्ही जवळ असाल तेव्हा दोर माझ्या हातात राहील, जोवर तुम्ही मागत नाही तोवर.

पण एक गोष्ट वेगळी आहे. तुमचं येणं टोरीवर ठेवू नका. टोरी उद्या राहिली किंवा न राहिली, घर तुमचं आहे. तुम्ही विचारता खाटेवर बसून काय करू. तर बसा. सासूबाई गेल्यानंतर मी आले, या घरात मला मोठं माणूस एकच मिळालं, आणि ते माझ्याशी बोलायला लागलं तेच मुळी आवाज गेल्यावर. अंगणात तुमची खाट रिकामी आहे ती मी रोज झाडते. पोरं पळाली तर पळू द्या, इथली पोरं परत येतात, चार दिवसांनी तुमच्याच खाटेवर उड्या मारतील.

हे पुढच्या महिन्यात शेक संपले की घ्यायला येतील. तुम्ही नाही म्हणालात तर मी येईन, आणि मी दाराआड उभी राहणार नाही.

तुमच्या आशीर्वादाची हक्कानं वाट पाहणारी,

अलका


मोहटोला
२३ मार्च २०२५

प्रिय अंजना हिला,

दादाचा जयभीम आणि आशीर्वाद. पोचल्याचे लोकेशने फोनवर सांगितलेच असेल. बाकीचे मी सांगतो, तू वाचत बस.

मोहफूल पडू लागले आहे. बाया पहाटेच टोपल्या घेऊन जातात. मला वास येत नाही, नाकातून हवाच जात नाही, पण अंगणभर वास आहे असे सगळे सांगतात. शामकला भेटायला आली, गळ्याकडे पाहून पदर डोळ्याला लावला आणि मग मी काही बोलू शकत नाही हे लक्षात येताच गावच्या सगळ्या भानगडी एका दमात सांगून गेली. इतके दिवस मी तिला मध्येच तोडत असे.

टोरीजवळ मी पहिले दोन दिवस गेलोच नाही. खिडकीतून पाहिली. उंच झाली आहे, अंगावर चकाकी आहे. तिसऱ्या दिवशी गेलो. मला वाटले होते ती ओळखेल. दोन पावले राहिली आणि मला खोकला आला, गळ्यातून शिट्टी वाजली. ती दचकून दोराच्या टोकाला गेली आणि कान टवकारून माझ्याकडे असे पाहू लागली जसे मी कोणी जंगलातून आलो आहे. मी तसाच मागे वळलो. अंजना, डॉक्टरांनी सांगितले त्या दिवशी मला जे झाले नव्हते ते तेव्हा झाले.

अलका मागून आली. ती माझ्या समोर येऊन उभी राहिली, पदर वगैरे काही न सावरता, आणि म्हणाली, मामाजी, तुम्ही तिच्याकडे चालून जाऊ नका, तिच्याकडे पाहू पण नका, इथं बसा. माझी खाट तिने गव्हाणीपासून जरा लांब, सावलीत आणून टाकली. मी बसलो. दुसरे काय करणार होतो? पेपर वाचत बसलो. खोकला येई, शिट्टी वाजे, टोरी गवत खाता खाता मान वर करी. रोज तेच. मग तिने मान वर करणे सोडले. तिला त्या आवाजाची सवय झाली आणि खरे म्हणजे मलाही झाली.

माझ्या समोरच अलका तिला फिरवत असे. अंगणात एक शब्द नाही. हात वर झाला की घोडी उभी, बोटे पुढे आली की मागे, खांदा वळला की सोबत. जिला आपण दाराआड उभी पाहिली होती, तीच ही सून का असे मला वाटे. लोकेश कामावर जाताना फाटकात थांबून पाहून जातो.

काल सकाळी मी उठलो आणि दोर मागितला. म्हणजे हात पुढे केला. अलकाने एकदा माझ्याकडे पाहिले आणि दिला. मी दोराची घडी करून मुठीत धरली. टोरीला अंगणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेले. तळहात उभा धरला, ती थांबली. छातीकडे दोन बोटे नेली, टेकायच्या आधीच मागे सरली.

मग मी नुसता उभा राहिलो. तुला घोड्यांची एक रीत सांगतो. दोन घोडी भेटली की नाकाशी नाक आणून एकमेकांचा श्वास घेतात, तेवढ्यावर त्यांची ओळख होते. टोरीने मान खाली केली आणि नाक माझ्या नाकाशी आणले. तिथे काही नाही. ती जरा थांबली. मी वाट पाहिली. मग हळू, मी बोट हलवले तर मागे होईल इतक्या बेताने, तिने नाक माझ्या गळ्यावरच्या कापडाजवळ आणले. टेकवले नाही. वीतभर अंतर ठेवून तिथेच उभी राहिली. मी श्वास सोडला तो तिने घेतला. तिने सोडला तो कापडातून मला गरम लागला. किती वेळ उभे होतो माहीत नाही. अलका जवळ यायला निघाली होती, मी तिला हात वर करून थांबवले आणि मुठीतला दोर दाखवला. तो सैल होता.

औषधे वेळेवर घेतो. कापड रोज बदलतो, अलका लक्ष ठेवून असते. शाळांना सुट्ट्या लागल्या की नातवंडांना घेऊन ये. या भावावर तुझा जीव आहे तसाच राहू दे.

तुझा दादा,
देवाजी